रघुबीर सिंग, कोडॅक्रोम आणि पक्का रंग

पूर्वभागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज रविवार आहे, लाईट पण आहे, तर बसलोच.

मागच्या महिन्यात पुण्याला गेलो होतो तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात रघुबीर सिंग यांचं 'रिव्हर ऑफ कलर' मिळालं. १९९८ चं, चांगलं जाडजूड, कव्हर एका कोपऱ्याला फाटलेलं, आत कुणाचं तरी नाव खोडलेलं. एसटीत मांडीवर ठेवून सोलापूरपर्यंत बघत आलो. इंदापूर कधी गेलं, टेंभुर्णी कधी गेलं कळलं नाही.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९४२, जयपूर, घराणं जमीनदारांचं. लहानपणी घरातच फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसॉंचं जयपूरवरचं पुस्तक हाताला लागलं आणि ते डोक्यात राहिलं. पुढे चहाच्या कंपनीत नोकरी लागते का बघायला कलकत्त्याला गेले, ते काही जमलं नाही, मग कॅमेराच धरला. १९६६ ला तोच ब्रेसॉं जयपूरला आला तेव्हा तो रस्त्यावर कसं काम करतो हे त्यांनी समोर उभं राहून पाहिलं. नंतर पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क असं राहणं झालं पण फोटो आयुष्यभर भारताचेच. गंगा, कलकत्ता, राजस्थान, काश्मीर, केरळ, बनारस, मुंबई, ग्रँड ट्रंक रोड, तमिळनाडू, एकेका विषयावर वर्षानुवर्षं फिरायचं आणि एकेक पुस्तक करायचं. १९८३ ला पद्मश्री. १९९९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला गेले, वय फक्त ५६.

आणि सगळं काम रंगीत! ही गोष्ट आज साधी वाटते पण त्या काळी 'खरा' फोटोग्राफर म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट असंच होतं. रंगीत म्हणजे जाहिरात, कॅलेंडर, लग्नाचा अल्बम. अमेरिकेत वॉकर इव्हान्ससारखा मोठा माणूस रंगीत फोटोला चक्क उथळ, बाजारू म्हणायचा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम एगल्स्टनचं रंगीत फोटोंचं प्रदर्शन १९७६ ला लागलं, त्यावर समीक्षक तुटून पडले, आणि आज रंगीत फोटोग्राफीचा इतिहास त्या प्रदर्शनापासून सांगतात. आपल्या माणसाचं गंगेवरचं पुस्तक १९७४ चं आहे. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतोय.

आता मुद्द्याचं. आमच्या घरी तेलुगू बोलतात, वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी ३१ वर्षं सूत डाईंगमध्ये काढली, चादरीचं सूत रंगवायचं काम. आता ७४ वय आहे. पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं तर मला वाटलं दोन पानं बघून चहा मागतील. दीड तास बसले. आणि बघायची पद्धत बघा, मी प्रत्येक फोटोत आधी चेहरे बघत होतो, नाना आधी कपडे बघत होते. एका बाईच्या लुगड्यावर अंगठा ठेवून म्हणाले, हा लाल नवा आहे, अजून दोन धुणी झाली नाहीत. पुढच्या पानावर, हा कच्चा रंग, बघ घामाने काखेत उतरलाय. तिसऱ्या ठिकाणी एका माणसाचं मुंडासं दाखवून म्हणाले हे उन्हात बसून काम करणाऱ्याचं आहे, वरच्या पदराचा रंग उडालाय, आतला तसाच आहे.

मी गप्पच झालो. ही सगळी माहिती त्या फोटोत होती आणि ती फक्त रंगात होती. तोच फोटो काळापांढरा केला असता तर ती बाई नुसती 'एक गरीब बाई' झाली असती. तिने साडी नवी घेतली, सणाला घेतली असेल, कुणी आहेर केला असेल, ते सगळं गेलं असतं. रंग हा फोटोवर वरून मारलेला नाही, रंग हीच बातमी आहे, एवढंच मला या धाग्यात म्हणायचंय. तुमचं काय मत, आणि ज्यांनी स्लाइड फिल्मवर (निगेटिव्ह न होता थेट चित्रच उमटतं ती) काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

कंबरतलाव

मस्त लिहिलंय दादा. पण भोपाळ वायुकांडातल्या त्या पुरलेल्या बाळाचा फोटो यांचाच ना? तो तर ब्लॅक अँड व्हाइट पण बघितलाय मी.

पूर्वभागकर

नाही हो, ते रघू राय. दोघंही १९४२ चेच, नावंही जवळची, म्हणून बऱ्याच जणांची गल्लत होते. रघू राय यांना ब्रेसॉंनीच मॅग्नममध्ये (फोटोग्राफरांची नावाजलेली संस्था) घ्यायला लावलं १९७७ ला, त्यांचं काळंपांढरं काम जास्त गाजलं. रघुबीर सिंग हे वेगळे. ब्रेसॉंना मानायचे, त्यांच्यासारखंच छोटा कॅमेरा घेऊन रस्त्यावर पायी फिरणं, योग्य क्षणाची वाट बघणं सगळं घेतलं त्यांनी, फक्त गुरूला जो रंग फारसा आवडत नव्हता तोच धरून बसले.

फोकसकाका

स्लाइडचं विचारलंत म्हणून लिहितो. माझा नव्या पेठेत स्टुडिओ होता, आता मुलगा बघतो. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल यायचा, काळापांढरा, तो आम्ही मागच्या खोलीत स्वतः धुवायचो, म्हणजे डेव्हलप करायचो. रंगीत रोल आला की पार्सल करून बाहेरगावी लॅबला पाठवायचा आणि आठ दहा दिवस गिऱ्हाइकाला उद्या या उद्या या सांगत बसायचं.

स्लाइड मी जेमतेम वीस पंचवीस रोल काढले असतील, पण त्यातले तीन कोडॅक्रोमचे (कोडॅक कंपनीची रंगीत स्लाइड फिल्म) होते, दुबईला असलेल्या एका मित्राने आणलेले. रघुबीर सिंग याच फिल्मवर काम करायचे. आपल्याकडे ती सहज मिळत नव्हती, बाहेरूनच आणावी लागायची. म्हणजे एकेक फ्रेम मोजून. छत्तीस झाले की संपलं. वर निगेटिव्हसारखं मागून सावरून घेता येत नाही. निगेटिव्हवर एक स्टॉप (उजेडाचं माप) इकडे तिकडे झाला तरी प्रिंट करताना आम्ही ओढून घ्यायचो, स्लाइडला अर्ध्या स्टॉपची चूक पण दिसते. उजेड जास्त पडला तर पांढरा पडदा, कमी पडला तर काजळी.

आणि फिल्मचा स्पीड, म्हणजे उजेड टिपायची ताकद, फक्त ६४. भर उन्हात एफ सोळा (भिंगाचं तोंड बारीक) ला एक साठांश सेकंद. गल्लीत सावलीत गेलात की एफ चारवर (तोंड मोठं) या, म्हणजे मागचं सगळं धूसर. आता त्यांचे फोटो बघा, पुढे माणूस, मध्ये सायकल, मागे दुकान, वर गच्चीवर पोरगं, सगळं जाग्यावर, चारी कोपरे भरलेले. त्या फिल्मवर हे करायचं म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या बाजूने ऊन येतं हे पाठ असावं लागतं आणि अंतर डोळ्याने मोजता यावं लागतं. मला नाही जमलं कधी. तिसऱ्या रोलमधले चार फोटो बरे आहेत, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावरून सिद्धेश्वर तळ्याचे, संध्याकाळचे.

अजून एक. कोडॅक्रोम घरी काय, साध्या रंगीत लॅबमध्ये पण धुता येत नव्हती. बाकीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारं रसायन फिल्मच्या थरातच भरलेलं असतं. कोडॅक्रोममध्ये तसं काही नाही, ती मुळात तीन काळेपांढरे थर असलेली फिल्म, रंग धुताना बाहेरून घालायचे, एकेका थराला वेगळा. फार किचकट काम, त्यासाठी खास लॅब लागायची. १९३५ ला सुरू झालेली फिल्म २००९ ला कंपनीने बंद केली, आणि अमेरिकेत कॅन्ससमध्ये एक शेवटची लॅब राहिली होती तिने २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं थांबवलं. त्यानंतर कुणाच्या कपाटात रोल सापडला तरी त्याचा रंग आता निघत नाही.

पूर्वभागकर

काका तुमचा प्रतिसाद नानांना मोठ्याने वाचून दाखवला. त्या शेवटच्या परिच्छेदाला मला थांबवलं आणि परत वाच म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे सूत कोरं, रंग भांड्यात. बरोबरे की." त्यांच्या डोक्यात लगेच बसलं जे मला दोनदा वाचून बसलं होतं. त्यांचं म्हणणं असं की रंग आधीच भरून ठेवलेली वस्तू कपाटात पडल्या पडल्या पण बदलते, कोरं सूत घेऊन ताजा रंग दिला, नीट बसवला, जादाचा धुऊन काढला की तो टिकतो. पक्का रंग म्हणजे हेच, रंग कुठला यापेक्षा तो कसा बसवला आणि मागे काय काय धुऊन काढलं.

मी मग नेटवर शोधलं तर खरंच कोडॅक्रोमच्या स्लाइड अंधारात ठेवल्या तर पन्नास पन्नास वर्षं जशाच्या तशा राहतात. त्याच काळच्या दुसऱ्या फिल्म गुलाबी तांबूस पडल्यात, आमच्या आईच्या लग्नाचा अल्बम तसाच झालाय. पण प्रोजेक्टरवर वारंवार लावली तर मात्र कोडॅक्रोमच लवकर फिकी पडते. हे सांगितल्यावर नाना म्हणाले उजेडात ठेवल्यावर उडणारच, चादर पण गच्चीवर उलटी करून वाळवायची असते.

निळी_शाई

धागा वाचून हे फोटो मुद्दाम बघितले. सुंदर आहेत, वाद नाही. पण मला दोन गोष्टी खटकतात, लिहितेच.

एक म्हणजे भारत म्हटलं की रंगच रंग, फेटे, घागरे, हळदकुंकू, हे बाहेरच्या लोकांना हवं असलेलं चित्र आहे. त्यांच्या पुस्तकांचे वाचकही बरेचसे बाहेरचेच. फूटपाथवर राहणाऱ्या कुटुंबाचा फोटो इतका देखणा निघाला की त्या घरात रात्री काय शिजलं हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात येतच नाही, असं मला वाटतं.

दुसरं, २०१७ ला न्यूयॉर्कला त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं तेव्हा एका महिला कलाकाराने बाहेर मूक निदर्शनं केली. तिचा आरोप होता की नव्वदच्या दशकात त्यांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. ते तेव्हा हयात नव्हते, त्यामुळे उत्तर द्यायला ते नाहीत, पण आयुष्य आणि काम असा धागा काढलाय तर ही गोष्ट गाळून चालणार नाही. मी बाई म्हणून हे फोटो बघताना ते माझ्या मनात असतं.

पूर्वभागकर

ताई, बरं झालं लिहिलंत. ते मी वाचलं होतं आणि पहिल्या पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं, माझ्याकडून राहिलं. काम आवडतं म्हणून त्या बाईंचं म्हणणं बाजूला सारणार नाही. तुमचा प्रतिसाद इथे राहू दे, पुढे कुणी धागा वाचेल त्याला दोन्ही दिसेल.

रंगाच्या मुद्द्यावर मात्र मला वाद घालायचाय. त्यांचा १९६७ चा बिहारमधला मुंगेरचा फोटो बघा, पावसात सापडलेल्या चार बायका. एकमेकींना बिलगून उभ्या, साड्या भिजून अंगाला चिकटलेल्या, मागे पावसाने सगळं पुसून टाकलेलं. त्यात झगमगीत काही नाहीच. ओल्या सुताचा रंग आहे तो, पाणी प्यायलेला, जड झालेला. आपल्याकडे पहिल्या पावसात बाजारात अडकलेल्या बायका अशाच दिसतात. ते चित्र परदेशी माणसासाठी सजवलंय असं मला नाही वाटत.

ज्वारीचं_कणीस

मी चित्रकलेचा शिक्षक आहे, थोडी भर घालतो. रघुबीर सिंग यांचं स्वतःचं म्हणणं असं होतं की रंगाचा प्रश्न हा पाश्चात्त्यांचा आहे, फोटोग्राफीचा शोध आपल्याकडे लागला असता तर रंगात बघायचं की नाही असा वाद मुळात झालाच नसता. ते वारंवार राजस्थानी आणि मुघल लघुचित्रांकडे जायचे. त्या चित्रात एक नायक मध्ये आणि बाकी अंधार असं नसतं. गच्चीवर राणी, खाली घोडा पाणी पितोय, बाजूला माळी, कोपऱ्यात मोर, प्रत्येकाला त्याची जागा आणि प्रत्येकाला त्याचा सपाट रंग, डोळा फिरत राहतो. हावड्याच्या फूटपाथवरच्या आरशांच्या दुकानाचा १९९१ चा फोटो घ्या. विकायला लावलेले आरसे आणि त्यात रस्त्याचे तुकडे. फ्रेम एकच पण आत पाच सहा चित्रं. किंवा अँबेसिडर गाडीची ती पूर्ण मालिका, ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २००२ ला आलं. गाडीची खिडकी, दार, काच यांनी रस्ता कापून घेतलाय, चित्राला हाशिया (कडेची चौकट) घालतात तसा. अँबेसिडर आपण सगळ्यांनी बघितली, लग्नात नवरदेवाला आणायला तीच असायची, पण तिच्यातून कुणी असं बाहेर बघितलं नव्हतं.

निळी_शाई यांचा पहिला मुद्दा मात्र मला पूर्ण सोडवत नाही. काही फोटो खरंच फार गोड आहेत. विशेषतः राजस्थानचे. पण शेवटच्या काळातलं मुंबईचं काम बघा, झवेरी बाजारातलं दागिन्यांचं दुकान, १९८९. काचेच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे रस्ता, मध्ये नुसती काच. त्यात रात्री काय शिजलं हा प्रश्न येतो. मला तरी येतो.

मंगळवारपेठ_बॉय

लई भारी धागा ओ. मी मोबाईलवर फोटो काढतो, दरवर्षी गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या यात्रेचे, काढतो. वाचलालो तर एक गोष्ट सांगावी वाटली. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सगळे बाराबंदी (बंद बांधायचा जुना अंगरखा) घालून असतात, पांढरी. मला वाटायचं यात रंग कुठाय, म्हणून मी ते फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून टाकायचो, लाईक पण यायचे. यावर्षी अक्षतेला संमती कट्ट्याजवळ गर्दीत अडकलो, हलता येईना, सातही नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) समोर, दिड्डम दिड्डम सत्यम सत्यम झालं आणि अक्षता उडाल्या. घरी येऊन बघतो तर एकाचं पण पांढरं दुसऱ्यासारखं नाही. म्हाताऱ्याची बाराबंदी सायीसारखी पिवळट, जुनी, घरात जपलेली. पोरांची नवी, निळीची झाक मारणारी. एकाच्या खांद्याला नंदीध्वज पेलून पेलून कळकट पट्टा आलेला आणि त्यावर हळदीच्या अक्षता. ते ब्लॅक अँड व्हाइट केलं तर सगळे एकसारखेच दिसतात. तेव्हा कळलं नव्हतं आपण काय बघलालो, आज नानांचं वाचून कळलं.

फोकसकाका

बाळा, हा फोटो टाक की इथे. आणि एक कर, मोबाईलमध्ये रंग वाढवायची जी सोय असते ती बंद कर. माझ्या मुलाशी माझं यावरूनच होतं. गिऱ्हाइकाला आकाश निळंशार पाहिजे म्हणून तो ओढतो, मग त्याबरोबर चेहरा नारिंगी होतो आणि त्या बाराबंदीतली तुझी साय पण जाते. सोलापूरचं आकाश एप्रिलमध्ये निळं नसतंच, धुरकट पांढरं असतं, ४३-४४ तापमानात ते तसंच दिसणार. तसंच राहू द्यावं.

निळी_शाई

पूर्वभागकर, मी माझा मुद्दा मागे घेत नाही, पण घरचं एक सांगते.

आमची आत्या विडी वळायची. कुंभारीकडे घरकुलात राहायला गेली तिथेही वळायची. हजार विड्या भरल्या की उठायचं. मांडीवर सूप, त्यात जर्दा, कात्री, पानं कापायचा पत्रा. मी कॉलेजात असताना प्रोजेक्टसाठी तिचे फोटो काढले होते, ब्लॅक अँड व्हाइट, कारण कष्टकरी बाई म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट हे मला कुणी न सांगताच माहीत होतं. पहिला नंबर आला होता. आत्याला दाखवले तर ती म्हणाली, मी एवढी काळी दिसते व्हय गं, आणि पानं तर बघ, सकाळची का दुपारची तेच कळंना.

तेंदूचं पान रात्री भिजवून ठेवतात, सकाळी ते ओलं, काळपट हिरवं असतं, दुपारपर्यंत सुकून तांबडं पडायला लागतं आणि मग वळताना फाटतं. म्हणजे पानाचा रंग हे तिचं घड्याळ होतं. हजार भरायला किती वेळ उरलाय ते ती पानाकडे बघून सांगायची. माझ्या नंबर आलेल्या फोटोत घड्याळच नव्हतं. तिच्या बोटांची कातडी मात्र मी अगदी जवळून घेतली होती, दु:ख दिसावं म्हणून.

आत्या जाऊन सहा वर्षं झाली. ते निगेटिव्ह आहेत माझ्याकडे, पण त्यातून पानाचा रंग आता निघणार नाही.

ज्वारीचं_कणीस

ताई, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला तर चालेल का? नाव न घेता.

निळी_शाई

चालेल सर. तिचा पानाचा प्रश्न तेवढा वाचा.

कंबरतलाव

पूर्वभागकर, पुस्तक बघायला मिळेल का? आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयात असेल का काय?

पूर्वभागकर

तिथे मी अजून विचारलेलं नाही, या आठवड्यात विचारतो. नसेल तर पुढच्या रविवारी सकाळी माझी प्रत घेऊन येतो, पार्क चौकात भेटू, हात धुऊन या आणि शेंगाचटणीचे डबे लांब ठेवा, पानं आता मिळत नाहीत.

आत्यांचं वाचल्यावर काल नानांना म्हणालो तुमचा फोटो काढतो. तर ते आत जाऊन झब्बा बदलून आले. मी म्हणालो आधीचाच बरा होता, म्हणाले तो कच्च्या रंगाचा आहे. गच्चीवर बसवलं. डाईंग सोडून चौदा वर्षं झाली तरी उजव्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी एक निळी रेघ आहे, आम्हाला लहानपणापासून माहीत आहे ती, नख वाढतं तरी ती जात नाही, कातडीतच बसलीय. मोबाईलचे सगळे फिल्टर बंद केले काकांनी सांगितल्याप्रमाणे. साडेपाचचं ऊन होतं. चेहऱ्याचे तीन काढले आणि एक नुसता मांडीवर ठेवलेल्या हातांचा. तो चौथा वर करतोय, रेघ दिसते का सांगा.

फोकसकाका

दिसते. पक्की आहे.